पाण्याचा रंग उडाला, म्हणजे विष गेलं का? कारखान्यांच्या सांडपाण्यावरची ‘प्रगत ऑक्सिडीकरण’ प्रक्रिया समजून घेऊ

काचेच्या ग्लासात शाईसारखं गडद पाणी. त्यात चिमूटभर पावडर पडते, मग बाटलीतून थोडा द्राव ओतला जातो. फेस येतो, रंग फिका होत जातो आणि काही मिनिटांत पाणी जवळपास नितळ दिसू लागतं. असा व्हिडिओ तुमच्याही फोनवर कधीतरी येऊन गेला असेल. त्याखालची कमेंटही ठरलेली असते : ‘इतकं सोपं आहे, तर आपल्या नद्या अशा का?’

प्रश्न रास्त आहे. व्हिडिओ खोटा असेलच असं नाही. त्यामागचं रसायनशास्त्र शंभर वर्षांहून जुनं आणि पक्कं आहे. पण पाण्याचा रंग जाणं आणि पाण्यातलं विष जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या दोन्हींमधला फरक काय, तो भरून काढायला खर्च किती येतो आणि हे तंत्र नेमकं कुठे वापरावं, हे समजून घेऊ.

आधी तळोज्याचे निळे कुत्रे आठवा

ऑगस्ट २०१७. नवी मुंबईजवळच्या तळोजा औद्योगिक वसाहतीत चक्क निळ्या रंगाचे भटके कुत्रे फिरताना दिसले. फोटो जगभर व्हायरल झाले. प्राणिमित्रांनी तक्रार केली. एका कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या रंगाकडे बोट दाखवलं गेलं आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने तो कारखाना बंद करण्याचे आदेश दिले. तिथून वाहणाऱ्या कासाडी नदीच्या प्रदूषणाचीही त्या निमित्ताने देशभर चर्चा झाली.

एक गोष्ट मात्र त्या गडबडीत मागे पडली. कुत्र्यांवर रंग होता, म्हणून ते जगाला दिसलं. कीटकनाशकं, औषधं, रंग यांच्या कारखान्यांतून निघणारी कित्येक घातक रसायनं बिनरंगी असतात. ती पाण्यात असली तरी फोटोत येत नाहीत.

सूक्ष्मजीव आहेत की! मग अडतं कुठे?

शहराचं सांडपाणी स्वच्छ करण्याचं मुख्य काम सूक्ष्मजीव करतात. टाकीत हवा सोडायची, जिवाणू वाढवायचे आणि त्यांना घाण खाऊ द्यायची. अन्नाचे कण, मलमूत्र, साबण यातलं बरंचसं ते पचवतात. हवा फुकट मिळते, ती सोडणाऱ्या ब्लोअरच्या विजेचे पैसे तेवढे मोजावे लागतात. म्हणून हा मार्ग सगळ्यात स्वस्त.

औद्योगिक सांडपाण्यात मात्र हे जिवाणू दोन ठिकाणी हात टेकतात. पहिलं म्हणजे, काही रसायनं त्यांना पचतच नाहीत. कपड्यांचे रंग उन्हात, साबणात, घामात टिकावेत म्हणूनच बनवलेले असतात. जो रेणू शंभर धुण्यांत टिकतो, तो जिवाणूंपुढे सहज कसा हार मानेल? आणि दुसरं म्हणजे, काही रसायनं जिवाणूंनाच मारतात. अशा पाण्याचा एक टँकर टाकीत गेला, तर महिन्याभरात वाढवलेली जिवाणूंची फौज एका रात्रीत गारद होऊ शकते.

पाणी कोणत्या प्रकारचं आहे हे ओळखायला दोन आकडे लागतात. पहिला सीओडी. तापवलेल्या आम्लात एका जहाल रसायनाने पाण्यातली जवळपास सगळी सेंद्रिय घाण ‘जाळली’, तर किती ऑक्सिजन लागेल, ते हा आकडा सांगतो. दुसरा बीओडी. तीच घाण सूक्ष्मजीवांना खायला दिली, तर ते किती ऑक्सिजन वापरतील, ते हा सांगतो. आपल्याकडे ही चाचणी २७ अंश सेल्सिअसला तीन दिवस चालते.

म्हणजे सीओडी हे ताटात वाढलेलं सगळं अन्न आणि बीओडी हे त्यातलं पोटात गेलेलं अन्न. बीओडीला सीओडीने भागलं, की पाण्याचा स्वभाव कळतो. उत्तर ०.४ किंवा अधिक आलं, तर सूक्ष्मजीव काम करतील. ०.२ च्या खाली आलं, तर ताट जवळपास तसंच परत येणार. प्रक्रिया केलेलं पाणी नदीत सोडताना सर्वसाधारण मर्यादा आहे सीओडी दर लिटरला २५० मिलिग्रॅम आणि बीओडी ३० मिलिग्रॅम. रसायन कारखान्यातल्या दाट सांडपाण्याचा सीओडी मात्र १०,००० च्याही पुढे असू शकतो.

जिथे जिवाणू थकतात, तिथे प्रगत ऑक्सिडीकरण कामाला येतं.

हा ‘प्रगत’ प्रकार नेमका काय आहे?

लोखंड गंजतं, कापलेलं सफरचंद काळं पडतं, लाकूड जळतं. ही सगळी ऑक्सिडीकरणाचीच रूपं. कुणीतरी दुसऱ्याचे इलेक्ट्रॉन ओढून घेतो आणि समोरचा पदार्थ बदलतो.

प्रगत ऑक्सिडीकरणात हे काम करतो हायड्रॉक्सिल रॅडिकल. एक ऑक्सिजन, एक हायड्रोजन आणि जोडीदार नसलेला एक इलेक्ट्रॉन, एवढाच त्याचा संसार. त्या एका इलेक्ट्रॉनला जोडीदार हवा असतो, म्हणून समोर येईल त्या रेणूवर तो झडप घालतो. ऑक्सिडीकरणाची ताकद व्होल्टमध्ये मोजतात. क्लोरीनची सुमारे १.३६, हायड्रोजन पेरॉक्साइडची १.७८, ओझोनची २.०७ आणि हायड्रॉक्सिल रॅडिकलची सुमारे २.८. त्याच्या वर फ्लोरीनसारखे मोजकेच गडी उरतात, आणि फ्लोरीन काही पाण्यात सोडता येत नाही.

निसर्गातही हा रॅडिकल काम करत असतो. हवेतला मिथेन आणि इतर अनेक वायू तोच हळूहळू नष्ट करतो, म्हणून शास्त्रज्ञ त्याला वातावरणाचा डिटर्जंट म्हणतात.

अडचण अशी, की तो सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाइतकाही टिकत नाही. त्यामुळे तो पिंपात भरून विकत आणता येत नाही. जिथे घाण आहे, त्याच पाण्यात तो तयार करावा लागतो. प्रगत ऑक्सिडीकरणाच्या सगळ्या पद्धती म्हणजे हा रॅडिकल तयार करण्याचे वेगवेगळे मार्ग.

चिंचेच्या आम्लापासून सुरू झालेली गोष्ट

यातला सगळ्यात जुना मार्ग हेन्री फेंटन या केंब्रिजमधल्या रसायनशास्त्रज्ञाचा. १८९४ मध्ये त्याने टार्टरिक आम्लावरचा प्रयोग प्रसिद्ध केला. आपल्या चिंचेला आंबटपणा देणारं हेच ते आम्ल. नुसत्या हायड्रोजन पेरॉक्साइडने त्याचं फारसं काही होत नव्हतं, पण किंचित लोह घातलं की ते झपाट्याने बदलत होतं. फेंटनच्या डोक्यात सांडपाणी वगैरे काही नव्हतं. यामागे हायड्रॉक्सिल रॅडिकल आहे, ही कल्पना १९३४ मध्ये फ्रिट्झ हेबर आणि जोसेफ वाइस यांनी मांडली. ‘प्रगत ऑक्सिडीकरण प्रक्रिया’ हे नाव तर १९८७ मध्ये विल्यम ग्लेझ आणि सहकाऱ्यांच्या लेखातून रूढ झालं.

फेंटनची पद्धत आजही सर्रास वापरतात, कारण सामान साधं आहे. हायड्रोजन पेरॉक्साइड म्हणजे जखमेवर टाकल्यावर फेस येतो ते औषध, फक्त कारखान्यातलं कितीतरी तीव्र. आणि लोहासाठी फेरस सल्फेट, म्हणजे जुन्या काळी शाई करायला वापरायचे तो हिराकस.

प्रत्यक्षात काम असं चालतं. सांडपाण्यात आधी आम्ल घालून पीएच ३ च्या आसपास आणतात, कारण त्याच टप्प्यात ही प्रक्रिया सर्वांत चांगली होते. मग हिराकस घालतात. नंतर पेरॉक्साइड थोडं थोडं सोडतात. एकदम ओतलं तर पाणी तापतं, फेस आणि वायू उसळतो आणि मोठा अपघातही होऊ शकतो. तासा-दोन तासांनी चुना किंवा कॉस्टिक सोडा घालून पीएच पुन्हा वर आणतात. तेव्हा लोह तांबूस-तपकिरी गाळ होऊन खाली बसतं. गाळ फिल्टर प्रेसमध्ये दाबून वेगळा काढतात आणि पाणी पुढच्या टाकीत जातं.

आणखी कोणते मार्ग आहेत?

ओझोन आणि पेरॉक्साइड एकत्र वापरता येतात. यात लोहाचा गाळ होत नाही, पण ओझोन जागेवरच तयार करावा लागतो आणि त्याला वीज बरीच लागते.

अतिनील किरणांचे दिवे लावून पेरॉक्साइड फोडता येतं. पिण्याच्या पाण्यासारख्या स्वच्छ पाण्यात हे छान चालतं. गडद सांडपाण्यात मात्र प्रकाश आत शिरतच नाही. दिव्यालगतचं पाणी सुधारतं, बाकीचं जसंच्या तसं.

इलेक्ट्रोड बुडवून विजेनेही रॅडिकल तयार होतात. खारट पाण्यात वीज चांगली वाहते, त्यामुळे हा मार्ग काही ठिकाणी सोयीचा. पण त्याच मिठातल्या क्लोराइडपासून क्लोरीनयुक्त नवी रसायनं तयार होण्याचा धोकाही असतो.

फारच दाट सांडपाण्यासाठी ‘वेट एअर ऑक्सिडेशन’ ही पद्धत आहे. साधारण १५० ते ३२० अंश सेल्सिअस तापमान आणि प्रचंड दाब ठेवून पाण्यातली घाण हवेतल्या ऑक्सिजनने जाळायची. मोठा प्रेशर कुकरच म्हणा. सीओडी २०,००० च्या पुढे असेल, तर घाणीच्याच उष्णतेवर ही प्रक्रिया बऱ्याच अंशी चालू राहू शकते. पण यंत्रणा उभी करायला भक्कम भांडवल लागतं.

महाराष्ट्रात आणखी एका मार्गावर बरंच संशोधन झालं आहे : कॅव्हिटेशन. पाणी अरुंद वाटेतून जोरात ढकललं, की सूक्ष्म बुडबुडे तयार होऊन फुटतात. फुटताना क्षणभर त्या बिंदूवर अफाट तापमान आणि दाब निर्माण होतो आणि पाण्याचाच रेणू तुटून रॅडिकल बनतो. मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीत प्रा. अनिरुद्ध पंडित आणि सहकाऱ्यांनी यावर अनेक वर्षं काम केलं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही या दिशेने संशोधन झालं आहे. एकट्या कॅव्हिटेशनपेक्षा पेरॉक्साइड किंवा ओझोनच्या जोडीने ते जास्त उपयोगी पडतं.

ग्लासाचा हिशेब टाकीला लावून पाहू

व्हिडिओतल्या ग्लासात २०० मिलिलिटर पाणी असतं. कारखान्यात काय होतं ते पाहू.

समजा, एका मध्यम कारखान्यातून रोज ५०,००० लिटर दाट सांडपाणी निघतं, म्हणजे दहा हजार लिटरचे पाच टँकर. त्याचा सीओडी १०,००० आहे. याचा अर्थ रोज ५०० किलो ऑक्सिजन लागेल इतकी घाण. एक किलो सीओडी पूर्ण जाळायला कागदावरच्या हिशेबाने सुमारे २.१ किलो शुद्ध पेरॉक्साइड लागतं. म्हणजे रोज एक टनाहून अधिक. ५० टक्के तीव्रतेचं आणलं, तर दोन टनांहून अधिक. रोज! शिवाय थोडं पेरॉक्साइड वाया जातंच. पाण्यातले क्लोराइड, कार्बोनेट यांसारखे क्षारही रॅडिकल खाऊन टाकतात.

आता गाळ. या पद्धतीत वापरलेल्या प्रत्येक १०० किलो लोहामागे सुमारे १९० किलो कोरडा फेरिक हायड्रॉक्साइड तयार होतो. फिल्टर प्रेसमधून निघालेल्या लगद्यात पाणीही असतं, त्यामुळे वजन आणखी कितीतरी वाढतं. त्यात विषारी अंश अडकलेले असू शकतात, म्हणून तो कुठेही टाकता येत नाही. घातक कचऱ्यासाठीच्या अधिकृत केंद्रात पाठवावा लागतो. आपल्याकडे असं एक केंद्र तळोज्यातच आहे.

नद्या अशा का, याचं अर्धं उत्तर या हिशेबात आहे. रसायनशास्त्र माहीत असतं. पण रात्री नाल्याचा व्हॉल्व्ह उघडायला काहीच खर्च येत नाही आणि पेरॉक्साइडचं बिल दर महिन्याला येतं. उरलेलं अर्धं उत्तर देखरेखीचं आहे.

रंग गेला, पण मागे काय राहिलं?

रंगाचा रेणू म्हणजे मोठा सांगाडा. त्याचा रंग येतो तो त्यातल्या ठरावीक जोडणीमुळे. उदाहरणार्थ, ॲझो प्रकारच्या रंगांत दोन नायट्रोजनची जोडी असते. ही जोडी तुटली की रंग गेला. पण सांगाड्याचे बाकीचे तुकडे पाण्यातच असतात. खोलीतला दिवा विझला म्हणून खोलीतलं सामान नाहीसं होत नाही, तसंच.

याचं उलटंही घडतं. फिनॉल हे अनेक कारखान्यांच्या सांडपाण्यातलं विषारी रसायन, पाण्यात बिनरंगी. त्याचं ऑक्सिडीकरण सुरू केलं, की आधी पाणी तपकिरी होतं. कारण मधल्या टप्प्यात हायड्रोक्विनोन आणि बेंझोक्विनोन तयार होतात, आणि ते फिनॉलपेक्षाही जास्त विषारी असतात. प्रक्रिया पुढे चालू ठेवली, तर ते फुटून साधी आम्लं होतात आणि शेवटी कार्बन डायऑक्साइड आणि पाणी. पण पैसे वाचवायला मध्येच थांबवली, तर सुरुवातीपेक्षा वाईट पाणी हातात येऊ शकतं.

आणखी दोन गोष्टी. पाण्यातले विरघळलेले क्षार या प्रक्रियेने जात नाहीत. उलट आम्ल, चुना, हिराकस घातल्याने वाढतात. आणि पाण्यात ब्रोमाइड असेल, तर ओझोनमुळे ब्रोमेट तयार होतं, ज्याच्यावर कर्करोगाचा संशय आहे.

मग याचा शहाणा वापर कोणता?

सगळी घाण पेरॉक्साइडने जाळायची नाही. फक्त जिवाणूंना न चावणारा घास बारीक करून द्यायचा.

मोठे हट्टी रेणू थोडे फोडले, की त्यांची लहान आम्लं होतात आणि ती जिवाणूंना पचतात. म्हणजे आधी थोडं ऑक्सिडीकरण आणि मग नेहमीची जैविक टाकी. यश मोजायचं ते रंगावरून नाही, तर बीओडी आणि सीओडीचं गुणोत्तर वाढलं का यावरून. ०.१ चं ०.४ झालं, तर सीओडी फारसा उतरला नसला तरी काम झालं. पुढचं जिवाणू बघून घेतील. मात्र त्याआधी उरलेलं पेरॉक्साइड काढून टाकायला हवं, नाहीतर तेच जिवाणूंना मारेल.

दुसरी गोष्ट, पाणी मिसळण्याआधी वेगळं करायचं. कारखान्यात रिॲक्टरमधून निघणारा दाट द्राव थोडाच असतो. फरशी धुतलेलं आणि कूलिंग टॉवरचं पाणी भरपूर असतं. दोन्ही एकत्र झाली, की सगळ्याच पाण्यावर महागडी प्रक्रिया करावी लागते. दाट पाण्यासाठी वेगळी पाइपलाइन टाकणं हा यातला सगळ्यात साधा, पण अनेकदा टाळला जाणारा उपाय आहे.

तिसरी गोष्ट, प्रत्येक ‘घाण’ पाण्याला हे तंत्र लागत नाही. मळीपासून अल्कोहोल बनवणाऱ्या डिस्टिलरीचा स्पेंट वॉश घ्या. त्याचा सीओडी लाखाच्या आसपास असू शकतो. पण त्यातला मोठा वाटा जिवाणूंना आवडतो, त्यातून बायोगॅसही मिळतो. तिथे पहिल्याच टप्प्यात पेरॉक्साइड ओतणं म्हणजे पैसे जाळणं. बायोगॅसनंतरही जो चिवट तपकिरी रंग उरतो, त्याच्यासाठी ऑक्सिडीकरणाचा विचार होऊ शकतो. तेव्हा पाणी किती घाण आहे एवढंच विचारून चालत नाही, घाण कोणत्या जातीची आहे तेही विचारावं लागतं.

पुढच्या वेळी असा व्हिडिओ दिसला तर...

एखादी कंपनी, स्टार्टअप किंवा नेता ‘आम्ही कारखान्याचं पाणी स्वच्छ केलं’ म्हणत असेल, तर एवढे प्रश्न विचारा :

१. रंगाशिवाय सीओडी आणि बीओडी किती उतरले? आधीचे आणि नंतरचे आकडे कुठे आहेत?

२. पाण्याची विषारीपणाची चाचणी झाली का? त्या पाण्यात मासे जगतात का?

३. आकडे प्रक्रियेमुळे कमी झाले, की साधं पाणी मिसळून? मर्यादा दर लिटरच्या हिशेबात असते. त्यामुळे दहा लिटर घाणीत नव्वद लिटर पाणी ओतलं, की आकडा सुधारतो, पण नदीत जाणारं विष तेवढंच राहतं.

४. गाळ आणि क्षार कुठे गेले?

५. हे प्रयोगशाळेतल्या एका ग्लासावर झालं, की रोजच्या पाच टँकरवर? दर हजार लिटरला खर्च किती?

यातला एखादा प्रश्न विचारल्यावर समोरून आकडे आले, तर त्या माणसाचं पुढे जरूर ऐका. अशी चांगली कामं होतात आणि ती व्हायलाच हवीत. नुसता दुसरा नितळ ग्लास पुढे आला, तर मात्र व्हिडिओ फॉरवर्ड करण्याआधी थांबा. तळोज्याचे कुत्रे निळे झाले नसते, तर आपण त्यांच्याकडे पाहिलंही नसतं. बिनरंगी पाण्याकडे पाहायचं, तर हे आकडे मागावेच लागतील.